वाचक विचारतात: पाणी गोठवायचं, पण त्याचे स्फटिक होऊ द्यायचे नाहीत

मागच्या अंकात आपण कोरोना विषाणूच्या स्पाइक प्रोटीनचं चित्र छापलं होतं, २०२० च्या फेब्रुवारीत ऑस्टिनच्या टेक्सास युनिव्हर्सिटीतल्या मंडळींनी क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने (थोडक्यात क्रायो-ईएम) काढलेलं, आणि खाली एवढंच लिहिलं होतं की सॅम्पल झटक्यात गोठवून बघितलं. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. मला मनापासून बरं वाटलं, कारण क्रायो-ईएम म्हटलं की सगळे त्या अवाढव्य मायक्रोस्कोपबद्दल आणि त्याच्या कोट्यवधींच्या किमतीबद्दल बोलतात, आणि जिथे खरं काम फत्ते होतं किंवा फसतं, म्हणजे सॅम्पल गोठतं तो एक मिलिसेकंद, त्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये जिवंत पेशी का नाही बघता येत? गोठवायचं कशाला?
(नववीतला विद्यार्थी, चिपळूण)

तुझा प्रश्न पहिला घेतो, कारण बाकीचे सगळे प्रश्न याच्याच पोटातून निघतात. इलेक्ट्रॉनना हवेतून नीट जाता येत नाही, हवेतल्या रेणूंवर आपटून ते इकडेतिकडे विखुरतात, म्हणून मायक्रोस्कोपच्या नळीतली जवळजवळ सगळी हवा पंपाने काढून टाकलेली असते. आणि अशा निर्वातात पाणी काही टिकत नाही, वाफ होऊन निघून जातं. पेशीच्या वजनात साधारण ७० टक्के पाणी, ते गेलं की उरतं ते आक्रसलेलं, सुरकुतलेलं काहीतरी. वर इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने रेणूंमधले बंध तुटतात ते वेगळंच, त्यामुळे जिवंत काही आत ठेवलं तरी ते जिवंत राहणार नाही.

जुनी पद्धत अशी की पाणी आपणच आधी काढून टाकायचं. ग्लुटाराल्डिहाइडने पेशी पक्की करायची, मग ऑस्मियम, मग अल्कोहोलने पाणी काढायचं, रेझिनमध्ये बसवायचं, हिऱ्याच्या सुरीने पातळ काप काढायचे आणि युरेनियम-शिशाच्या क्षारांनी रंगवायचे. या पद्धतीला नावं ठेवू नकोस हं, तुझ्या पुस्तकातली मायटोकाँड्रियाची आतली रचना याच वाटेने कळली. पण यात आपण बघतो ते पाणी काढून घेतलेलं आणि धातूंनी रंगवलेलं शरीर. गोठवलं तर पाणी जागच्या जागी राहतं, इतक्या थंडीत निर्वातातही त्याची वाफ होत नाही, आणि इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने होणारं नुकसानही बऱ्यापैकी कमी होतं. अट एकच, गोठताना पाण्याचे स्फटिक होता कामा नयेत. ते का आणि कसं, हे पुढच्या उत्तरांत येतंय, नीट वाच.

आमच्या डिपार्टमेंटला उणे ८० चा फ्रीझर आहे, लिक्विड नायट्रोजनही मिळतो, तो तर उणे १९६ ला असतो. मग पेपरांमध्ये सगळे सॅम्पल इथेनमध्ये का बुडवतात? इथेन तर नायट्रोजनपेक्षा कमी थंड असतो ना?
(एमएससी बायोटेकची विद्यार्थिनी, नांदेड)

अगदी नेमका प्रश्न विचारलात. बरोबर आहे, इथेन उणे १८३ ला गोठतो म्हणजे द्रवरूपात तो नायट्रोजनपेक्षा निदान १३ अंशांनी "गरम"च. आणि तरीही तोच जिंकतो, कारण सॅम्पलला शेवटी किती थंड केलं यापेक्षा त्यातली उष्णता किती लवकर बाहेर काढली हे जास्त महत्त्वाचं आहे.

पाणी सावकाश थंड केलं की रेणूंना एकमेकांशी षटकोनी मांडणी जमवायला वेळ मिळतो आणि स्फटिक वाढायला लागतात. वाढताना स्फटिक स्वतःत फक्त पाणीच घेतो, मीठ, प्रोटीन, सगळं बाजूला ढकलतो, म्हणजे मधल्या उरलेल्या चिंचोळ्या जागेत क्षारांचं प्रमाण भयंकर वाढतं, पीएच सरकतो, प्रोटीन एकमेकांवर चेपली जातात, पेशीचं आवरण फाटतं. उणे ८० च्या फ्रीझरमध्ये ट्यूब ठेवली तर आतलं पाणी गोठायला काही मिनिटं जातात, तेवढ्यात हा सगळा धुमाकूळ घालून झालेला असतो. डीएनए किंवा एन्झाइम साठवायला ते चालतं, रचना बघायला नाही.

स्फटिक टाळायचे तर साधारण उणे १३७ च्या खाली पोचायचं, कारण त्याखाली रेणू जागचे हलत नाहीत, आणि तिथवर रेणूंना मांडणी करायला वेळच न देता पोचायचं. त्यासाठी लागणारा वेग सेकंदाला १ लाख ते १० लाख अंश इतका आहे. हिशोब करून बघा, म्हणजे सगळा प्रवास एक-दीड मिलिसेकंदात किंवा त्याहून कमी वेळात उरकला पाहिजे.

आता नायट्रोजन इथे कमी का पडतो? तो भांड्यात असतो तोच त्याच्या उत्कलनबिंदूवर, त्यात जरा जरी उष्णता गेली की तो लगेच उकळतो. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो लगेच न जळता नाचत राहतो बघा, खाली वाफेचा थर होतो म्हणून, तसंच इथे सॅम्पलभोवती नायट्रोजन वायूचा थर तयार होतो आणि वायू उष्णता फार हळू नेतो. इथेनचं गणित वेगळं आहे, तो उणे १८३ ला वितळतो आणि उकळतो उणे ८९ ला, म्हणजे मध्ये ९० पेक्षा जास्त अंशांची मोकळीक. सॅम्पलची उष्णता घेऊनही तो न उकळता त्याला चिकटून राहतो आणि उष्णता ओढत राहतो. म्हणून नायट्रोजनच्या भांड्यात एक छोटी धातूची वाटी बसवतात, त्यात इथेन वायू सोडून द्रव करतात, म्हणजे नायट्रोजनचं काम फक्त इथेनला थंड ठेवायचं.

आणि द्रव कितीही चांगला असला तरी सॅम्पल जाड असेल तर काही उपयोग नाही, कारण आतली उष्णता शेवटी पाण्यातूनच वाट काढत बाहेर येणार आणि पाणी काही उष्णतेचं फार चांगलं वाहक नाही. म्हणून प्रोटीनच्या कामात १०० नॅनोमीटरपेक्षाही पातळ फिल्म करतात.

पाणी गोठलं म्हणजे स्फटिक होणारच, असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. बिनस्फटिकाचा बर्फ हे नवीन आहे का? कुणी शोधलं?
(निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, कोल्हापूर)

सर, तुम्ही शिकवलं ते रोजच्या जगापुरतं बरोबरच आहे. पाण्याची वाफ अतिथंड पृष्ठभागावर साचू दिली तर बिनस्फटिकाचा बर्फ मिळतो हे १९३५ मध्ये बर्टन आणि ऑलिव्हर यांनी दाखवलं होतं. पण वाफेपासून मिळणं वेगळं आणि द्रव पाणी थेट काचेसारखं गोठणं वेगळं, दुसरी गोष्ट होणारच नाही असं बऱ्याच जणांना वाटायचं. १९८० मध्ये इन्सब्रुकच्या ब्रुगेलर आणि मायर यांनी पाण्याचा अगदी बारीक फवारा थंड द्रवात मारून ते करून दाखवलं.

त्याच सुमाराला हायडेलबर्गच्या युरोपियन मॉलिक्युलर बायॉलॉजी लॅबोरेटरीत, म्हणजे ईएमबीएलमध्ये, जाक दुबोशे नावाचे स्विस भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी अॅलस्डेअर मॅकडॉवल याच मागे लागले होते. त्यांनी कार्बनच्या पातळ फिल्मवर पाण्याचा थर दिला, तो थंड इथेनमध्ये बुडवला आणि मायक्रोस्कोपमध्ये नेला. स्फटिक असते तर इलेक्ट्रॉनच्या विवर्तनात (सॅम्पलमधून जाताना इलेक्ट्रॉन विखुरून जी नक्षी उमटते तिच्यात) ठळक ठिपके किंवा धारदार वर्तुळं दिसली असती, त्यांना दिसली फक्त पुसट, पसरट वर्तुळं. आणि तेच सॅम्पल हळूहळू तापवलं तर उणे १४० च्या आसपास एकदम त्याचे घनाकृती (क्युबिक) मांडणीचे स्फटिक झाले, म्हणजे आधी जे होतं ते नक्कीच स्फटिक नव्हतं. या तापवण्याच्या प्रयोगामुळे शंकेला जागाच उरली नाही, आणि सर, मला वाटतं वर्गात सांगायला सगळ्यात सुंदर भाग हाच आहे. १९८१ मध्ये त्यांनी हे जर्नल ऑफ मायक्रोस्कोपीत दोन पानांत छापलं. १९८४ मध्ये याच गटाने नेचरमध्ये अॅडेनोव्हायरससारख्या विषाणूंची चित्रं दिली, ना रंगवलेले ना सुकवलेले, पाण्यात तरंगताना जसे असतील तसे.

त्यांच्या आधीचं एक नाव मात्र आवर्जून घेईन. १९७४ मध्ये बर्कलीला केन टेलर आणि रॉबर्ट ग्लेझर यांनी कॅटलेज या प्रोटीनचे ओले स्फटिक गोठवून दाखवलं होतं की थंडीत पाणीही टिकतं आणि प्रोटीनची बारीक रचनाही. दुबोशेंना २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल योआकिम फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन यांच्यासोबत मिळालं. नोबेल तिघांपुरतंच असतं, पण मॅकडॉवल, टेलर, ग्लेझर ही नावं या गोष्टीतून गळू नयेत असं मला फार वाटतं.

आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नायट्रोजनच्या कॅनमध्ये रेतनाच्या कांड्या असतात. त्या थेट नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकतात, शुक्रजंतू जिवंत निघतात, गाय गाभण राहते. मग तुमच्याच सॅम्पलचे एवढे लाड का?
(पशुधन पर्यवेक्षक, फलटण)

साहेब, हा प्रश्न वाचून मी थांबलो आणि दोनदा वाचला, कारण तुम्ही दोन्ही वाटा एकमेकांसमोर आणून ठेवल्यात. महाराष्ट्रात उरुळी कांचनच्या बाएफसारख्या संस्थेने गोठवलेल्या वीर्यमात्रा गावोगाव पोचवल्या, तो सगळा डोलारा एका शोधावर उभा आहे, १९४९ मध्ये लंडनमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांना कळलं की ग्लिसरॉल घातलं तर शुक्रजंतू गोठूनही जगतात.

तुमच्या कांडीत पाव मिलिलिटर वीर्य, ग्लिसरॉल आणि अंड्याचा बलक किंवा तसलं काहीतरी असतं, आणि ती आधी नायट्रोजनच्या वाफेवर धरून मग आत सोडतात. तिथे स्फटिक होतातच, पण ते आधी शुक्रजंतूच्या बाहेर होतात. बाहेरचं पाणी स्फटिकात गेलं की बाहेरचं द्रावण दाट होतं आणि शुक्रजंतूच्या आतलं पाणी हळूहळू बाहेर ओढलं जातं, त्यामुळे आत स्फटिक व्हायला फारसं पाणीच उरत नाही. म्हणजे पेशी थोडी सुकते, आक्रसते, पण वितळल्यावर परत फुगते आणि पोहायला लागते. सगळे जगत नाहीतच, बरेचसे मरतात, पण गाय गाभण राहायला पुरेसे उरतात.

तुम्हाला पेशी नंतर जिवंत हवी, मधे ती कशी दिसत होती याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही. आम्हाला ती नंतर जिवंत नकोच आहे, आम्हाला ती गोठतानाच्या क्षणी जशी होती अगदी तशीच बघायचीय, आक्रसलेली चालत नाही. आणि ग्लिसरॉल घातलं की प्रोटीन आणि भोवतालचं द्रावण यांच्या घनतेतला फरक कमी होतो, चित्र फिकं पडतं, म्हणून आम्ही ते शक्यतो टाळतो. आयव्हीएफमध्ये अंडी आणि भ्रूण गोठवतात ते या दोन्हींच्या मधलं, तिथे रक्षक रसायनं भरपूर घालतात आणि वेगही मोठा ठेवतात, त्यामुळे स्फटिक टळतात आणि भ्रूण जगतोही.

वर्षभर ग्रिड (सॅम्पल ज्यावर गोठवतात ती बारीक जाळी) बनवतोय. कधी बर्फ जाड, कधी भोकं रिकामी, कधी सगळीकडे काळे गोळे, आणि एकदा सगळं छान दिसलं तर प्रोटीनच तुटलेलं. मायक्रोस्कोपचा वेळ वाया जातो. काय करू?
(पीएचडीचा विद्यार्थी, पुणे)

आधी धीर धर, हे जवळपास प्रत्येकाचं होतं, आणि मी पुन्हा पुन्हा सांगतो की या क्षेत्रात आता अडतं ते ग्रिडवर. कॅमेरे २०१२-१३ नंतर कमालीचे सुधारले, सॉफ्टवेअर सुधारलं, २०२० मध्ये अॅपोफेरिटिन या प्रोटीनची चित्रं १.२ अँगस्ट्रॉमपर्यंत (म्हणजे ०.१२ नॅनोमीटर) गेली म्हणजे एकेक अणू वेगळा दिसायला लागला, पण ३ मिलिमीटरच्या जाळीवर ३ मायक्रोलिटरचा थेंब नीट पसरणं अजूनही हाताच्या सवयीवर आणि प्रोटीनच्या स्वभावावर आहे. तेव्हा एकेक तक्रार घेऊ.

बर्फ जाड म्हणजे टिपून घेणं कमी पडतंय. थेंबातलं जवळजवळ सगळं पाणी फिल्टर पेपरने काढून टाकायचं असतं, जाळीवरच्या कार्बनच्या पापुद्र्यातल्या भोकांमध्ये फक्त २० ते ५० नॅनोमीटरची फिल्म उरायला हवी, कण मोठा असेल तर थोडी जास्त. टिपायचा वेळ साधारण २ ते ६ सेकंदांत बदलून बघ, पण एका वेळी एकच गोष्ट बदल आणि लिहून ठेव, पेपर कुठला, किती वेळ, किती आर्द्रता, कार्बनने पाणी धरावं म्हणून त्याला ग्लो डिस्चार्ज (विजेने चेतवलेल्या वायूचा मारा) किती सेकंद दिला. लोक एकदम चार गोष्टी बदलतात आणि मग चांगली ग्रिड कशामुळे आली तेच कळत नाही, मला याचं फार वाईट वाटतं.

भोकं रिकामी म्हणजे एक तर जास्त टिपलं जातंय किंवा कार्बन पाण्याला धरत नाहीये. ग्लो डिस्चार्ज देऊन फार वेळ गेला असेल तर कार्बन परत पाणी झटकायला लागतो, म्हणून डिस्चार्ज दिल्यावर लगेच वापर. चेंबरची आर्द्रता ९५ च्या वर ठेव, नाहीतर टिपल्यानंतर आणि बुडवण्याआधी त्या एवढ्याशा फिल्ममधून पाणी भराभर उडून जातं, मीठ दाट होतं आणि प्रोटीनला तू बनवलेल्या बफरपेक्षा वेगळाच बफर मिळतो. आणि फिल्टर पेपरमधून कॅल्शियम सुटतं, तुझं प्रोटीन कॅल्शियमला बांधणारं असेल तर याकडे नक्की बघ, राखविरहित पेपर मिळतो तो वापर.

काळे गोळे, हे बहुतेक तुझ्या गोठवण्यातले नाहीतच, ते नंतरचे आहेत. खोलीतल्या हवेतली वाफ थंड ग्रिडवर येऊन बसते आणि त्याचे हे स्फटिक. पुण्या-मुंबईत जून ते सप्टेंबर हा त्रास विचारू नकोस इतका वाढतो. डीह्युमिडिफायर लाव, चिमटे, ग्रिडच्या डब्या, स्क्रूड्रायव्हर, सगळं हेअर ड्रायरने कोरडं कर, उघड्या नायट्रोजनवर तोंड नेऊन श्वास सोडू नकोस, आणि भांड्यात तळाशी पांढरा गाळ दिसायला लागला की तो नायट्रोजन सरळ फेकून नवा घे, कंजुषी नको. बुडवल्यानंतर ग्रिड एक क्षणही उणे १४० च्या वर जाता कामा नये. इथेनमधून नायट्रोजनमध्ये नेताना, डबीत ठेवताना, मायक्रोस्कोपच्या होल्डरवर चढवताना, प्रत्येक ठिकाणी चिमटाही आधीच थंड केलेला हवा, कारण गरम चिमट्याच्या टोकाने चांगल्या ग्रिडचे स्फटिक होऊन जातात आणि तुला वाटतं इथेनचा दोष आहे.

इथेनबद्दल एक, वाटीच्या कडेने तो गोठायला लागला की समज तयार आहे. पण पूर्ण गोठला तर ग्रिड वाकते, म्हणून थोडा इथेन वायू परत सोडून मधला भाग द्रव ठेव. इथेन-प्रोपेनचं मिश्रण वापरलं तर ते नायट्रोजनच्या तापमानालाही द्रवच राहतं, हा त्रास वाचतो.

आता सगळ्यात अवघड, प्रोटीन तुटतंय. याचं कारण फिल्मच्या दोन्ही बाजूंना असलेली हवा. पातळ फिल्ममध्ये प्रोटीन इकडून तिकडे धावतं आणि टिपण्यापासून बुडवण्यापर्यंतच्या एक-दोन सेकंदांत ते हजारो वेळा हवेच्या पृष्ठभागाला धडकू शकतं, तिथे चिकटतं, उलगडतं, किंवा सगळे कण एकाच बाजूने लोळतात आणि मग त्रिमिती बांधायला दुसऱ्या बाजूच चित्रात येत नाहीत. ग्लेझर यांच्यासारख्या जुन्या लोकांनी यावर बरंच लिहून ठेवलंय. उपाय तीन, आधी थोडं डिटर्जंट घालून बघ, चाप्सो किंवा फ्लोरिनेटेड ऑक्टिल माल्टोसाइड, म्हणजे पृष्ठभाग ते अडवेल. नाहीतर भोकांवर पातळ कार्बन किंवा ग्राफीन ऑक्साइडचा थर दे, प्रोटीन त्याला धरून राहील. तिसरा उपाय म्हणजे थेंब पडल्यापासून गोठण्यापर्यंतचा वेळच मिलिसेकंदांवर आणणारी यंत्रं, ती आता आलीत पण महाग आहेत. प्रोटीन कमजोर असेल तर आधी त्याच्यावरच काम कर, साधं निगेटिव्ह स्टेन (कणांभोवती जड धातूच्या क्षाराचा रंग देऊन सुकवणं) करून बघ, तिथेच कण तुटलेले दिसले तर दोष गोठवण्याचा नाही आणि मायक्रोस्कोपचा वेळही वाचेल.

पानाचा तुकडा किंवा मुळाचं टोक असं गोठवता येतं का? फिल्म तर करता येणार नाही.
(वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका, रत्नागिरी)

मॅडम, नुसतं इथेनमध्ये बुडवलं तर पृष्ठभागापासून १०-२० मायक्रोमीटरपर्यंतच नीट गोठतं, आत स्फटिकच होतात. यावर झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात हान्स मोर आणि रीले यांनी १९६८ च्या सुमारास फार हुशारीची वाट काढली. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, मग त्याला फुगूच दिलं नाही तर? सॅम्पलवर साधारण २,१०० बार दाब द्यायचा आणि त्याच क्षणी त्यावर लिक्विड नायट्रोजनचा झोत सोडायचा. मरियाना गर्तेच्या तळाशीही दाब ११०० बारच्या आसपास असतो, म्हणजे त्याच्या जवळपास दुप्पट. या दाबाला पाण्याचा गोठणबिंदू उणे २२ पर्यंत खाली येतो, स्फटिक सुरू व्हायला आणि वाढायला वेळ लागतो, म्हणून कमी वेगानेही चालून जातं आणि २०० मायक्रोमीटर जाडीपर्यंत सॅम्पल नीट गोठतं. दाब सेकंदाच्या काही भागापुरताच असतो.

तुमच्या पानांची खास अडचण म्हणजे पेशींमधल्या हवेच्या पोकळ्या. हवा दाबली जाते आणि उष्णताही अडवते, त्यामुळे सगळा फायदा जातो. म्हणून पान आधी १-हेक्झाडेसीनसारख्या, पेशीत न शिरणाऱ्या द्रवात भिजवून त्या पोकळ्या भरून घेतात. मुळाच्या टोकाला हा त्रास कमी, सुरुवात तिथून करा असं मी सुचवेन.

गोठल्यावर पुढे दोन वाटा. उणे ९० ला ऑस्मियम घातलेल्या अॅसिटोनमध्ये काही दिवस ठेवून पाण्याच्या जागी हळूहळू अॅसिटोन आणायचा, अॅसिटोन उणे ९५ पर्यंत द्रव राहतो म्हणून हे जमतं, आणि मग रेझिनमध्ये बसवून काप काढायचे. पेशीची आवरणं यात इतकी गुळगुळीत, ताणलेली दिसतात की नुसत्या ग्लुटाराल्डिहाइडच्या जुन्या सुरकुतलेल्या चित्रांशी तुलना करावीशीच वाटत नाही. दुसरी वाट, गोठलेलं तसंच ठेवून आयनच्या झोताने कोरून १०० ते २०० नॅनोमीटरचा पापुद्रा काढायचा आणि तो तिरपा करत करत फोटो घ्यायचे. दुसरी अवघड आणि खर्चिक, पण त्यात पाणीही जागेवर असतं.

यात फक्त स्थिर गोष्टीच दिसतात का? मज्जातंतूसारख्या ठिकाणी जे झटक्यात घडतं ते पकडता येतं का?
(एमबीबीएसची विद्यार्थिनी, नागपूर)

येतं, आणि माझ्या मते या तंत्राचा सगळ्यात थरारक उपयोग तोच. बर्नार्ड कात्झ यांनी १९५० च्या दशकात लंडनला विजेच्या मोजमापांवरून सांगितलं होतं की मज्जातंतूच्या टोकाकडून रसायन ठरावीक पुडक्यांमध्ये बाहेर पडतं. मायक्रोस्कोपमध्ये टोकाशी छोट्या छोट्या पिशव्या दिसायच्या, पण त्या उघडताना कुणी पाहिल्या नव्हत्या, कारण रसायनं घालून पेशी पक्की करायला सेकंद लागतात आणि पिशवी उघडून बंद व्हायला त्याच्या कैकपट कमी वेळ.

जॉन ह्यूझर आणि टॉम रीस यांनी बेडकाचा स्नायू मज्जातंतूसकट घेतला, लिक्विड हीलियमने उणे २६९ च्या आसपास थंड केलेल्या तांब्याच्या ठोकळ्यावर तो पाडायचं यंत्र बनवलं, आणि मज्जातंतूला विजेचा झटका असा द्यायचा की स्नायू तांब्याला टेकायच्या बरोबर काही मिलिसेकंद आधी तो पोचेल. झटका आणि टेकणं यातलं अंतर बदलत गेले आणि दर वेळी गोठलेलं टोक बघितलं. पिशव्या बाहेरच्या आवरणाला मिळून उघडल्या गेलेल्या तिथे दिसल्या. एक गोष्ट सांगायला हवी, एका झटक्याला जास्त पिशव्या उघडाव्यात म्हणून त्यांनी ४-अमिनोपिरिडिन हे औषध वापरलं होतं. आणि उघडलेल्या पिशव्यांची संख्या विजेच्या मोजणीतून आलेल्या पुडक्यांच्या संख्येशी जुळली, १९७९ मध्ये ते छापून आलं.

पुढे २०१३ मध्ये शिगेकी वातानाबे आणि एरिक जॉर्गेनसन यांच्या गटाने विजेऐवजी प्रकाशाने पेशी चेतवून दाबाखाली गोठवल्या आणि दाखवलं की उंदराच्या मेंदूतल्या पेशींमध्ये आवरण परत आत ओढून घ्यायलाही ५० ते १०० मिलिसेकंद पुरतात. त्याआधी लोक सेकंदांच्या हिशोबात बोलत होते. डॉक्टर होणार आहात, फिजिऑलॉजीच्या पुस्तकातली ती पिशवी उघडतानाची आकृती बघाल तेव्हा ती कुणीतरी तांब्यावर बेडकाचा स्नायू आपटून मिळवलीय हे लक्षात असू द्या.

हे काम शिकायला परदेशीच जावं लागतं का?
(अनेक वाचक)

नाही. बंगळुरूला एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस) या संस्थेच्या आवारात राष्ट्रीय क्रायो-ईएम सुविधा आहे, बाहेरच्या संस्थांतले लोकही तिथे प्रस्ताव देऊन काम करू शकतात. पण मायक्रोस्कोप जवळ नसला तरी ग्रिडला हात बसवता येतो, साध्या हाताने सोडायच्या प्लंजरनेही (ग्रिड इथेनमध्ये बुडवायचं उपकरण) चांगल्या ग्रिड बनतात, सुरुवातीला दुबोशेंच्या गटाकडेही आजची स्वयंचलित यंत्रं कुठे होती.

कॉलेजमध्ये इथेनचा सिलिंडर आणायचं चाललंय. लॅबची जबाबदारी माझी आहे. काय काळजी घ्यायची?
(प्रयोगशाळा प्रमुख, जळगाव)

तुम्ही आणण्याआधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. इथेन जळतो, हवेत त्याचं प्रमाण साधारण ३ टक्के झालं की ठिणगीने पेट घेऊ शकतो, म्हणून सिलिंडर आणि द्रव करायचं काम फ्यूम हूडमध्ये किंवा उत्तम वायुवीजन असलेल्या जागी, आणि आसपास बर्नर, हीटर, ठिणगी पडणारी मोटर काही नको. हेअर ड्रायरचं वर लिहिलंय, तो इथेन उघडायच्या आधीच वापरून दूर ठेवायचा. काम संपल्यावर उरलेला इथेन बेसिनमध्ये ओतायचा नाही, हूडमध्येच सावकाश उडून जाऊ द्यायचा. नायट्रोजन ऑक्सिजनपेक्षा थंड असल्यामुळे उघड्या भांड्यात हवेतला ऑक्सिजनही द्रव होऊन साचू शकतो, तो आणि इथेन एकत्र येणं धोक्याचं, म्हणून वाट्या झाकून ठेवा आणि इथेन तासन् तास तसाच ठेवू नका.

नायट्रोजन हातावर उडाला तर बहुतेक वेळा तो त्याच्याच वाफेवरून घसरून जातो आणि म्हणून लोक निर्धास्त होतात. इथेनचं तसं नाही, तो ज्या गुणामुळे सॅम्पलला इतकं भराभर गोठवतो त्याच गुणामुळे कातडीलाही चिकटून राहतो आणि लगेच खोल जखम होते. डोळ्यांवर चष्मा आणि चेहऱ्यावर ढाल, दोन्ही लावा, सैल हातमोजे घाला म्हणजे झटकन काढता येतील, आणि पायात चप्पल अजिबात नको. नायट्रोजनचा १ लिटर द्रव जवळपास ७०० लिटर वायू होतो, छोट्या बंद खोलीत भांडं सांडलं तर ऑक्सिजन कमी होऊन माणूस काही जाणवायच्या आत कोसळतो. ऑक्सिजन मीटर भिंतीवर लावा, तो वाजला तर काहीही न आवरता सगळ्यांना बाहेर काढा, आणि नायट्रोजनचा ड्यूअर (थर्मासासारखं मोठं भांडं) लिफ्टमधून न्यायचा असेल तर तो एकटाच पाठवा, माणसाने जिन्याने जावं.